ब्लोअर ओरडत होता

आमच्या घरात हळू बोलणारं कोणी नव्हतं. नाहूरच्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या, मागे मोरी, पुढे दोन माणसं टेकतील एवढा ओटा, आणि त्यात आम्ही चौघं: आई, बाबा, माझा मोठा भाऊ दिनू आणि मी. शेजारपाजारचे म्हणायचे, तावड्यांकडे रोज कसलं तरी भांडण चाललेलं असतं. भांडण नसायचं. कढी वाढ, आंघोळीला जा, दार लोटून घे, एवढंच असायचं, पण सगळं वरच्या पट्टीत. बाबा कंपनीतून आले की बराच वेळ त्यांच्या कानात कंपनीच घुमत असायची. त्यांना ऐकू जावं म्हणून आई आवाज चढवायची, आईचा चढला की आमचाही चढायचा, आणि रेडिओ सगळ्यांच्या वर. त्या गोंगाटातच कुळथाची पिठी रटरटायची, उकड्या तांदळाचा वास सुटायचा, रविवारी बांगड्याचं तिखलं व्हायचं. आता मी मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहते. खिडक्या लावल्या की घरात फक्त फ्रीजचा आवाज असतो, आणि माझे शेजारी लिफ्टमध्ये मला सांगतात की काकू, तुम्ही फोनवर फार मोठ्याने बोलता.

बाबांची कंपनी एल.बी.एस. रोडला होती. डिझेल इंजिनांना बसणारे ब्लोअर तिथे तयार व्हायचे. पुस्तकात त्याला सुपरचार्जर म्हणतात हे मला खूप नंतर कळलं. आमच्या घरात तो ब्लोअरच. बाबा टेस्टिंगला होते. तयार झालेला प्रत्येक ब्लोअर आधी मोटरवर, मग इंजिनावर चढवून फिरवायचा, मीटर बघायचे, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक ब्लोअरच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. आत बेअरिंग कसं आहे, गिअर कसे बसलेत, पाती घासतायत का, हे तिथून कळतं. बाबांनी अंगठा वर केला की ब्लोअर पास. त्यांच्या अंगठ्यावर साहेबसुद्धा प्रश्न विचारत नसत, असं शेट्येकाका सांगायचे. शेट्येकाका म्हणजे बाबांचे जोडीदार. ब्लोअर इंजिनावर चढवणं, पट्टा बसवणं, तो योग्य तेवढा ताणणं हे त्यांचं काम. दोघांची गावं मालवणजवळ, खाडीच्या अल्याडपल्याड. दोघं कंपनीत बरोबर लागले होते आणि भांडुपच्या घरून कामावर येताना शेट्येकाका आमच्या ओट्यावर चहा घेतल्याशिवाय पुढे गेले, असं क्वचितच व्हायचं.

मी शाळेत असताना एकदा बाबांना विचारलं की ब्लोअर नक्की करतो काय. आई भाकरीचं पीठ मळत होती. बाबांनी परातीतून दोन गोळे उचलले, दाबून दाबून त्यांचे इंग्रजी आठ केले आणि पाटावर एकाशेजारी एक ठेवले, एक उभा, एक आडवा. म्हणाले, इंजिनात डिझेल पाहिजे तेवढं ओतता येतं, ते कठीण नाही. पण डिझेल जळायला हवा लागते, आणि हवा इंजिन स्वतःच ओढून घेतं. पिस्टन खाली जाताना जेवढी आत येईल तेवढीच. इंजिन जोरात फिरायला लागलं की झडप उघडी राहायला वेळच मिळत नाही, पोट पुरतं भरत नाही. घाटात उंचावर गेलं तर हवाच विरळ. मग ती बाहेरून ढकलायची. हे दोन आठ एकमेकांच्या कुशीतून उलटसुलट फिरतात आणि कडेच्या पोकळीतून हवा पुढे नेतात. मधून नाही, कडेने. पुढे जागा कमी, मागून हवा येतच राहते, म्हणून ती दाबली जाते. तेवढ्याच सिलिंडरमध्ये दीडपट हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. त्यांनी पिठाचे आठ फिरवून दाखवले आणि ते एकमेकांना चिकटले. बाबा म्हणाले, हे बघ, हेच होता कामा नये. ही पाती एकमेकांना कधीच शिवत नाहीत. मध्ये कागदाएवढी फट. मागच्या बाजूचे दोन गिअर ती फट राखतात. बेअरिंग झिजलं, दांडा जरासा सरकला, की पाती घासतात आणि ब्लोअर ओरडतो. आईने परात पुढे करून गोळे परत मागितले. मी विचारलं, ब्लोअरला फिरवतं कोण? इंजिनच, पट्ट्याने, बाबा म्हणाले. त्याची थोडी ताकद ब्लोअर खातो आणि त्याहून जास्त परत देतो. शिवाय दाबलेली हवा तापते, तापली की पुन्हा पसरते, म्हणून काही इंजिनांत ती मध्येच गार करून घेतात. बाबा इतकं सलग बोलल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की आपण हेच शिकायचं.

बारावीच्या वर्षी ही गोष्ट मी त्यांना सांगायला गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी मागून म्हटलं, बाबा, मला मेकॅनिकलला जायचंय. ते काही बोलले नाहीत. पान उलटलं. काही दिवसांनी जेवताना पुन्हा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता दिनूला विचारलं की पाण्याचा ड्रम भरला का. दिनूने हो म्हटलं, त्याला त्यांनी मान हलवली. दिनूचा आवाज केव्हाच फुटून चांगला भरदार झाला होता. मला वाटलं, मुलीने कारखान्यात जाणं त्यांना पसंत नाही आणि नाही म्हणायचंही जिवावर येतंय. आईला विचारलं तर तीही म्हणाली, गप बसले म्हणजे मनात नसेल गो, दुसरा काय तरी बघ. मी गप्प झाले. त्या महिन्यांत मी बाबांशी जवळजवळ बोललेच नाही, आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटलेलं दिसलं नाही, याचा मला आणखी राग आला.

मग कंपनीत अपघात झाला. दुपारी कंपनीतला एक माणूस चाळीत येऊन सांगून गेला की टेस्टिंगला ब्लोअर जाम झाला, पट्टा तुटला आणि शेट्येंच्या हातावर बसला. तावडे ठीक आहेत, इस्पितळात शेट्येंजवळ आहेत. बाबा संध्याकाळी आले ते अंगावरच्या रक्ताच्या डागांसकट मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. जेवायला बसले, पण भातात नुसती बोटं फिरवत राहिले. आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की उजव्या हाताची हाडं मोडली आहेत, बोटांचं काही सांगता येत नाही.

पुढच्या काही दिवसांत काय झालं ते तुकड्यातुकड्याने कळत गेलं. इंजिन चालू होतं, टेस्टिंगच्या खोलीत दोघंच होते. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं आणि अंगठा वर केला, म्हणजे वेग वाढव. शेट्येकाकांनी वाढवला. काकांचं म्हणणं असं की तेव्हापासूनच ब्लोअर ओरडायला लागला होता. ते बाबांकडे बघत राहिले, आता हे थांबवायला सांगतील, आता सांगतील म्हणून. बाबा मीटर बघत शांत उभे. शेवटी काकांनी स्वतःच इंजिन बंद करायला हात पुढे केला आणि त्याच क्षणी ब्लोअर अडकून पट्टा तुटला. बाबांचं म्हणणं एकच: ब्लोअर ओरडला नाही. आवाज आलाच नाही.

चौकशी लागली. साहेबांसमोर सरळ हिशेब होता. ब्लोअर आधीपासून ओरडत असेल, तर बेअरिंग जात होतं आणि टेस्टिंगवाल्याने थांबवायला हवं होतं. ओरडला नसेल, तर बेअरिंग एकाएकी गेलं, आणि तसं जायचं कारण म्हणजे पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणलेला असणार. पट्टा शेट्येंनी ताणला होता. म्हणजे बाबा जितक्या वेळा 'आवाज आलाच नाही' म्हणत होते, तितक्या वेळा ते आपल्या जोडीदाराला त्याच्या मोडलेल्या हाताचा दोषी ठरवत होते. चूक स्वतःची ठरली तर काकांना ना भरपाई, ना पुन्हा उभं राहायची खात्री. बाबांना हे कळत होतं. म्हणून रोज रात्री जेवल्यावर ते तो प्रसंग पुन्हा पुन्हा मनात चालवून बघत आणि पुन्हा तिथेच येत. एकदा आईला म्हणाले, "मी खोटं कसं सांगू? आवाज येता तर सांगलं नसतं?" आई भांडुपला जाऊन आली तर शेट्येकाकूंनी तिला दारातूनच परत पाठवलं. ओट्यावरचा चहा बंद झाला.

तो रविवार होता. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेपर घेऊन बसले होते, त्यांच्या हाताच्या अंतरावर स्टोव्हवर कुकर. आई चाळीच्या नळावर गेली होती आणि मी तिच्या मदतीला. कुकरच्या शिट्ट्या मला नळापर्यंत ऐकू आल्या, एक, दोन, मग मोजायचं सोडून दिलं इतक्या. आई म्हणाली, हे बसलेत ना तिथे, उतरवतील. आम्ही हंडे घेऊन आलो तर घरभर करपल्याचा वास आणि बाबा पेपरात.

"बाजूक बसान भात करपवलात," आई म्हणाली. "शिट्टी आयकाक येवक नाय?"

बाबांनी कुकरकडे बघितलं. "शिट्टी झालीच नाय," ते म्हणाले.

तेच शब्द, त्याच सुरात. तितक्याच खरेपणाने. मी हंडा खाली ठेवला. आई स्टोव्ह बंद करत होती. बाबा पाठमोरे होते. मी त्यांच्या मागे जाऊन, नेहमीच्या माझ्या आवाजात म्हटलं, बाबा. ते हलले नाहीत. पुन्हा म्हटलं. नाही. मग मी घसा जड करून, दिनूसारखा आवाज काढून तेच म्हटलं, आणि बाबा वळले. "काय गो?" म्हणाले.

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मला रडू आलं ते आधी सुटकेचं होतं, बाबा मला टाळत नव्हते याचं, हे आज सांगायला हरकत नाही. मग लगेच शेट्येकाकांचा हात डोळ्यासमोर आला.

बाबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांच्या समोर बसून, आवाज जाड ठेवून मी सांगितलं की बाबा, तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ते रागावले नाहीत, पण मानलंही नाही. म्हणाले, इतकी वर्षं कानावर काम केलं, मला कळलं नसतं? आता मला वाटतं, कळणार कसं? टेस्टिंगच्या खोलीत कोणी तोंडाने बोलतच नव्हतं, सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. पुरुषांचे जाड आवाज त्यांना ऐकू येत होते. आणि स्क्रू ड्रायव्हरची थरथर मुठीतून जाणवायची. कान कधी थांबला आणि हात कधी ऐकायला लागला हे त्यांचं त्यांनाच समजलं नव्हतं. बहुतेक ब्लोअर हाताला बरोबर कळत असणार. एक कळला नाही.

तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, चल, तपासून येऊ. मुलुंडला कानाच्या डॉक्टरांकडे एक काच लावलेली लहानशी खोली होती. बाबांना आत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर तपासणाऱ्या बाईंच्या शेजारी. बाबांनी दाबलं की बाईंसमोर छोटा दिवा लागायचा. सुरुवातीला दिवा छान लागत होता. बाई आवाज बारीक बारीक करत गेल्या आणि दिवा लागायचा थांबला. त्यांनी जोर वाढवला. आणखी वाढवला. शेवटी इतका वाढवला की काचेपलीकडून तो सुईसारखा स्वर मलाही ऐकू आला. बाबा आत ताठ बसले होते. अंगठा बटणावर तयार, डोळे मिटलेले, चेहरा पूर्ण लक्ष लावलेला, शाळेतला शहाणा मुलगा बसतो तसा. वाट बघत होते. माझ्या पुढच्या आयुष्यात मी जवळची माणसं जाताना पाहिली, पण त्या काचेतून दिसलेला तो चेहरा अजून मला सहन होत नाही.

बाहेर येऊन त्यांनी बाईंना विचारलं की दुसरा भाग कधी सुरू करणार. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांना सांगितलं, की झाला.

परत येताना आम्ही चालतच आलो. रस्त्यावरच्या गोंगाटात बोलणं शक्य नव्हतं. कंपनीच्या भिंतीशी आल्यावर ते थांबले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तू मला काय काय सांगितलंयस, जे मी ऐकलं नाही?" मी मेकॅनिकलचं सांगितलं. ते म्हणाले, "आणि मी काय उत्तर दिलं असं तुला वाटलं?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, भर रस्त्यात, आणि आम्ही पुढे निघालो.

त्याच संध्याकाळी ते भांडुपला शेट्येकाकांकडे गेले. मला बरोबर घेतलं, काका काय बोलतील ते कळलं नाही तर सांगायला. काकूंनी दार उघडलं आणि आत गेल्या. काका खाटेवर बसले होते, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"ब्लोअर ओरडत होता," बाबा म्हणाले. "मला ऐकू आला नाही. मला ऐकूच येत नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी आपल्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तू मला बुडवतोयस." हे त्यांनी जमिनीकडे बघून, पुटपुटत म्हटलं, त्यामुळे बाबांना ते कळलं नाही आणि मला सांगावं लागलं. आयुष्यात मी पुष्कळ निरोप पोचवले, त्यात हा सगळ्यात जड होता. बाबा म्हणाले, वाटणारच. मग त्यांनी विचारलं की आवाज कसा होता. काकांनी डोळे मिटून आठवलं आणि सांगितलं, आधी डास कानाशी यावा तसा बारीक, मग पाटीवर नख ओढल्यासारखा, आणि शेवटी तर बाईमाणूस किंचाळावं तसा. बाबा ते शब्द काकांच्या ओठांवरून वाचत होते. आतून काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी आईची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी बाबा साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी बाबांना समजावलं की चौकशी तशीही संपतच आली आहे, हे सांगायची काही गरज नाही. एकदा सांगितलं की टेस्टिंगला परत येता येणार नाही, पुढे मिळणार होती ती फोरमनची जागा तर विसराच. बाबांनी घरी येऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं. मग तुम्ही काय म्हणालात, आईने विचारलं. बाबा म्हणाले, मी म्हटलं, साहेब, शेट्येने हात पुढे केला तो माझं काम करायला. ते काम माझं होतं. आईने त्यांचं ताट वाढलं आणि त्या दिवशी आमच्या घरात कोणीच मोठ्याने बोललं नाही.

काकांना भरपाई मिळाली. दोन बोटं पुन्हा वळली नाहीत, पण ते डाव्या हाताने पाना धरायला शिकले आणि निवृत्त होईपर्यंत कंपनीत राहिले. बाबांना स्टोअरला पाठवलं. खिडकीमागे बसून हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. ज्या माणसाच्या अंगठ्यावर कंपनी चालायची, त्याने स्पॅनर पुसून खणात ठेवायचे. पहिले काही महिने ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत. श्रवणयंत्र आणलं, पण त्यात सगळाच गोंगाट मोठा व्हायचा, म्हणून ते डबीतच राहिलं. स्टोअरला असताना त्यांनी एकच हट्ट धरला. टेस्टिंगवाल्यांसाठी कानात घालायचे रबरी बोळे मागवायला लावले. तरुण पोरं हसायची, खिशात टाकून निघून जायची. मग बाबांनी नियम केला की बोळे कानात गेलेले दिसल्याशिवाय खिडकीतून हत्यार बाहेर येणार नाही. साहेबांकडे तक्रारी झाल्या. नियम राहिला.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. शेवटच्या वर्षी ट्रेनिंगसाठी नेमकी तीच कंपनी मिळाली. पहिल्या दिवशी मला टेस्टिंगला उभं केलं आणि मोजायचं हत्यार आणायला स्टोअरला पाठवलं. खिडकीपलीकडे बाबा. घरून आम्ही एकत्रच निघालो होतो, पण तिथे त्यांनी मला ओळख दिली नाही. मी काय हवं ते सांगितलं, ओठ त्यांना दिसतील असे. त्यांनी आधी बोळे पुढे सरकवले आणि थांबले. मी एक घातला, दुसरा घातला. शेजारच्या खोलीतल्या इंजिनाचा आवाज एकदम दूर गेला. बाबांनी खिडकीतून वाकून, बोटाने दोन्ही नीट आत ढकलले. मग ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी एक बोळा काढायला हात वर नेला, तसा त्यांनी माझा हात धरून खाली केला, त्यात मायक्रोमीटर ठेवला आणि टेस्टिंगच्या दाराकडे बोट दाखवलं.